वहीची किंमत आणि जहाजाचे भाडे

शाळकरी मुलाच्या दप्तरातील वही, पेन्सिल आणि खोडरबर या वस्तूंची अर्थकारणाच्या चर्चेत सहसा दखल घेतली जात नाही. पोलाद, कापड, औषधे आणि हिरे यांच्या निर्यातीचे आकडे अंदाजपत्रकाच्या मोसमात सर्वांच्या तोंडी असतात. लेखनसामग्रीच्या निर्यातीविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. वास्तविक सागरी वाहतुकीचे ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर पडते, हे समजून घ्यायचे असेल तर हिऱ्यापेक्षा वहीकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

एके काळी या वस्तूंचा प्रवास उलट दिशेने होत असे. निबे, शाई आणि पेन्सिली परदेशांतून बोटीने मुंबईच्या गोदीत उतरत. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला आणि त्यातून ‘कॅम्लिन’ उभी राहिली. १९५८ साली हिंदुस्थान पेन्सिल्सची स्थापना झाली. पुढे मुंबईपासून उंबरगावापर्यंतच्या पट्ट्यात या धंद्याने चांगले मूळ धरले आणि आज येथील वह्या, पेन्सिली, फायली न्हावा शेवा बंदरातून आखात, पूर्व आफ्रिका, युरोप आणि अमेरिकेकडे रवाना होतात. स्वदेशीच्या पिढीला याचा अभिमान वाटला असता. परंतु मोठ्या नामांकित कारखान्यांच्या जोडीला वसई-भिवंडीकडील जे लहान कारखानदार या व्यापारात उतरू पाहतात, त्यांची स्थिती अभिमान बाळगण्यासारखी नाही.

याचे कारण मालाच्या स्वरूपातच आहे. हिऱ्याचे पुडके विमानाने गेले तरी वाहतूकखर्च किमतीच्या मानाने नगण्य असतो. वही मात्र जड आणि स्वस्त. आणि खोकी-फाईल म्हणजे तर चार पुठ्ठ्यांत कोंडलेली हवा. वह्यांनी कंटेनर भरू लागला की वजनाची मर्यादा आड येते; फायलींनी भरला की वजन शिल्लक राहते, पण जागा संपते. दोन्ही प्रकारांत प्रत्येक नगामागे पडणारे भाडे किमतीच्या मानाने जबर असते.

एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, वीस फुटी कंटेनरमध्ये दोनशे ग्रॅम वजनाच्या वह्या वीस टन भरल्या, तर त्यांची संख्या एक लाख होते. कंटेनरचे भाडे दोन हजार डॉलरनी वाढले, तर प्रत्येक वहीमागे दोन सेंट, म्हणजे सुमारे पावणेदोन रुपये, वाढतात. घाऊक व्यवहारात कारखानदाराला वहीमागे रुपया-दीड रुपया सुटत असेल, तर तो सर्व नफा समुद्रातच बुडाला! ही वाढ कल्पनेतली नव्हे. ‘ड्र्यूरी’ या संस्थेच्या निर्देशांकानुसार २०१९ साली चाळीस फुटी कंटेनरचे सरासरी भाडे सुमारे १,४०० डॉलर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,००० डॉलरच्या पलीकडे गेले.

यावर असे म्हटले जाईल की, भाडेवाढ ग्राहकाकडून वसूल करावी. पाठ्यपुस्तकात हे सोपे आहे, बाजारात नाही. वही चीनची, इंडोनेशियाची की भारताची, याने नैरोबीच्या वा दुबईच्या दुकानदाराला फारसा फरक पडत नाही. ज्या वस्तूला पर्याय अनेक, तिची किंमत विक्रेत्याला वाढवता येत नाही. साहजिकच भाड्याचा बोजा मागे सरकत सरकत उत्पादकावर येऊन पडतो. सौदा एफ. ओ. बी. तत्त्वावर झाला, म्हणजे भाडे खरेदीदाराने भरावयाचे ठरले, तरी तो तेवढी रक्कम मालाच्या भावातूनच कापून घेतो.

मोठा कारखानदार निदान पूर्ण कंटेनर भरू शकतो आणि वर्षाचा करार करून भाडे बांधून घेऊ शकतो. लहान कारखानदाराजवळ चार-सहा घनमीटर माल असतो. तो अनेकांचा माल एकत्र करणाऱ्या मध्यस्थाकडे द्यावा लागतो आणि घनमीटर वा टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर भाडे आकारले जाते. याहून मोठी अडचण पुढेच आहे. कित्येकदा येथील भाडे फारच अल्प सांगितले जाते आणि ती कसर पलीकडच्या बंदरात हाताळणी, कागदपत्रे, गोदाम अशा नावांखाली माल घेणाऱ्याकडून भरून काढली जाते. अनपेक्षित बिल हाती पडलेला खरेदीदार मध्यस्थाशी भांडत बसत नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या देशाकडे वळतो. कारखानदाराला आपले गिऱ्हाईक का गेले, हे कळतही नाही.

यात मोसमाचे बंधन आहे. युरोप-अमेरिकेतील शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात. म्हणजे माल मे-जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, बोटीवर चढला पाहिजे. दमट हवेत भरलेला कंटेनर थंड प्रदेशात पोहोचला की आतील बाष्पाचे थेंब छतावरून खाली गळतात आणि वह्यांची पाने फुगतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. शाळा उघडल्यानंतर पोहोचलेली वही ही दिवाळीनंतर आलेल्या आकाशकंदिलासारखी!

भाडे ठरविणारे कोण, हाही प्रश्न आहे. जगातील निम्म्याहून अधिक कंटेनर-क्षमता चार कंपन्यांच्या हाती आहे आणि पहिल्या दहांत एकही भारतीय नाही. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा परकी कंपन्यांनी दर पाडून तिला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला होता. आपली जहाजे नसतील तर आपला व्यापारही पुरता आपला नसतो, हा त्या संघर्षाचा धडा होता. ५ एप्रिल हा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो; धडा मात्र विसरलो.

राष्ट्रीय जहाजताफा एका रात्रीत उभा राहणार नाही. वाढवण येथे ऑगस्ट २०२४ मध्ये कोनशिला बसविलेले बंदर पूर्ण झाले, तरी मोठ्या धक्क्याला अधिक मोठी जहाजे लागतील. चार घनमीटरवाल्याचा प्रश्न त्याने आपोआप सुटणार नाही. त्याला हवी आहे ती एकजूट. साखर आणि दूध यांत महाराष्ट्राने जे करून दाखवले, ते कंटेनर भरण्यात का करू नये? औद्योगिक वसाहतींतील लेखनसामग्रीच्या कारखानदारांनी सहकारी संस्था स्थापून ठराविक वारी दुबई वा मोंबासाकडे स्वतःचा कंटेनर पाठवावा. जड वह्या आणि हलक्या फायली एकत्र भरल्या, तर वजन आणि जागा या दोहोंचा मेळ बसून प्रत्येकाचे भाडे उतरेल. शासनाने अनुदानाची खिरापत न वाटता न्हावा शेव्याजवळ एक कोरडे गोदाम माफक भाड्याने द्यावे आणि दोन्ही बंदरांतील सर्व आकार आगाऊ लेखी सांगणे मध्यस्थांना बंधनकारक करावे.

प्रतिस्पर्धी एकत्र येणार नाहीत, आपल्या गिऱ्हाइकाचे नाव दुसऱ्याला कळू देणार नाहीत, ही शंका रास्त आहे. परंतु एकाच कंटेनरमधील प्रत्येकाच्या मालाचे कागद वेगळे असतात. भाव आणि गिऱ्हाईक संस्थेतील अन्य कोणाला कळण्याचे कारण नाही. शिवाय हेच प्रतिस्पर्धी आजही मध्यस्थाच्या कंटेनरमध्ये शेजारी शेजारी प्रवास करीत आहेतच; फरक इतकाच, की एकत्र येण्याचा लाभ तिसराच घेतो आहे. तो आपल्या पदरात पाडून घ्यावयाचा की नाही, हे कारखानदारांनीच ठरवावयाचे आहे.