फूल काचेतले, हात कोणाचा?

पेपरवेट म्हटले की आपणा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे औषध कंपनीचे नाव छापलेला प्लास्टिकचा पारदर्शक ठोकळा उभा राहतो. फुकट आलेल्या त्या वस्तूकडे कोणी निरखून पाहत नाही. मी स्कॉटलंडमध्ये हाताने घडविलेली, पोटात फुले असलेली काचेची पेपरवेट्स जमवितो असे सांगितले, की स्नेही मंडळी आधी किंमत विचारतात आणि मग म्हणतात, "पुढे भाव वाढेल ना?" या दुसऱ्या प्रश्नाविषयीच येथे लिहावयाचे आहे. माझे स्पष्ट मत असे, की संग्राहकाने भाव पाहू नये, हात पाहावा.

हे फूल घडते कसे? रंगीत काचेच्या कांड्या ज्योतीवर मऊ करून चिमट्याने एकेक पाकळी, पान व देठ तयार करतात. ती फुलाच्या आकारात मांडून पुन्हा तापवितात आणि त्यांवर वितळलेली स्वच्छ काच चढवितात. ओल्या लाकडी साच्यात गोळा फिरवून त्याला घुमटाचा आकार देतात व अखेरीस भट्टीत सावकाश निववितात. रंगीत आणि स्वच्छ काचेचे प्रसरण जुळले नाही, तर न जुळणाऱ्या रक्तगटाप्रमाणे घात होतो, गोळा तडकतो.

ही कला १८४५ नंतरच्या काही वर्षांत फ्रान्समधील बॅकारा, सेंट लुई व क्लिशी या कारखान्यांत बहरली. स्कॉटलंडमध्ये ती रुजली ती एका स्थलांतरित कुटुंबामुळे. बार्सिलोनाचे काचकारागीर साल्वाडोर इझार्ट १९१५ मध्ये तेथे आले, पुढे पर्थ येथील मॉनक्रीफ कारखान्यात स्थिरावले. त्यांचे पुत्र पॉल इझार्ट (१९०४-१९९१) यांनी १९३० च्या दशकात पेपरवेट्स करावयास घेतली व 'पीवाय' ही अक्षरे असलेली बारीक काचकांडी हीच आपली सही मानली. विक येथे १९६१ मध्ये केथनेस ग्लास ही कंपनी निघाली. पॉल तेथे तरुणांना शिकवावयास गेले. विल्यम मॅन्सन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. क्रीफ गावी स्टुअर्ट ड्रायस्डेल या वकिलाने १९६८ मध्ये पर्थशायर पेपरवेट्सची स्थापना केली.

पुढे ठराविक संख्येच्या, क्रमांक व प्रमाणपत्र असलेल्या आवृत्त्यांची प्रथा वाढली आणि खरेदीदाराची नजर काचेवरून कागदाकडे वळली. पण प्रमाणपत्र फार तर आकृती रचणाऱ्याचे नाव सांगते; गोळा फिरविणारा बहुधा अनामच राहतो. पर्थशायरचे 'पी' हे अक्षरही कारखान्याचे आहे, माणसाचे नव्हे. नुसत्या सहीवरही विसंबता येत नाही, कारण 'पीवाय'ची बनावट कांडी घातलेले गोळेही बाजारात आले. तेव्हा डोळ्यांनीच तपासणी करावी. फूल मध्यावर आहे का, पाकळ्यांच्या कडा स्वच्छ आहेत का, बाजूने पाहता ते सपाट दिसते की उठावदार, नको तेथे बुडबुडा आहे का, तळ कसा घासला आहे? रुग्ण न पाहता केवळ रिपोर्ट वाचणाऱ्याला आपण चांगला वैद्य म्हणत नाही. तोच न्याय येथे लावावा.

कोणी म्हणेल, हौसेला एवढी चिकित्सा कशास? कारण पर्थशायर पेपरवेट्स २००२ मध्ये बंद पडले. कारखाना मिटला की नमुने कपाटात उरतात, पण कारागीर पांगतात. किती तापवावे, केव्हा थांबावे, हे पुस्तकातून येत नाही. शल्यक्रियेप्रमाणे ते गुरूशेजारी उभे राहूनच शिकावे लागते. खरेदीदार जर केवळ भावाकडे पाहू लागला, तर यंत्राने केलेला स्वस्त गोळा आणि हाताने केलेला गोळा यांतील भेद ओळखणारे कोणी उरणार नाही, आणि मग शिकणाराही उरणार नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. ज्यांना हा छंद लागेल त्यांनी दहांऐवजी दोनच घ्यावीत, शक्य तेथे सध्या काम करणाऱ्या कारागिराकडून घ्यावीत. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी ठेवावी व तीत घडविणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष लिहावे. नाव ठाऊक नसल्यास तसेही नोंदवावे. आपल्या माघारी मुले कपाट उघडतील तेव्हा त्यांना किंमत कोणताही दुकानदार सांगेल. हात कोणाचा, हे मात्र ती चिठ्ठीच सांगेल.