द्राक्षगर्भ आणि सुनेवरचा ठपका

सुनेला दिवस गेले आणि उलट्या थांबेनात, की घरातली जाणती बाई हमखास म्हणते, ‘डोहाळे कडक आहेत.’ असतीलही. पण तिसऱ्या महिन्यात पोट पाचव्यासारखे दिसू लागले, मधूनच रक्त जाऊ लागले, हात थरथरू लागले, बसल्याजागी छाती धडधडू लागली, तर डोहाळ्यांवर भागवू नये. तो द्राक्षगर्भ असू शकतो.

यात मूल वाढत नाही. वारेच्या पेशीच पाण्याने भरलेल्या फोडांसारख्या, द्राक्षाच्या घडासारख्या वाढत जातात. दिवस गेल्याची चाचणी ज्या एचसीजी संप्रेरकावर चालते, ते त्यातून बेसुमार पाझरते. थायरॉईडला कामाला लावणाऱ्या टीएसएचशी त्याची ठेवण मिळतीजुळती आहे. गळ्यातली ग्रंथी फसते आणि अतोनात काम करू लागते. सोनोग्राफी लवकर झाली तर गोष्ट सहसा इथवर येत नाही.

आखाडा बाळापूरच्या आसपासच्या वाडीतून नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचे म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. मग ‘इथेच कुठे पिशवी साफ करून घेऊ’ असा विचार होतो. तो जिवावर बेतू शकतो. थायरॉईड बिथरलेली असताना तशीच भूल दिली, तर ताप चढतो, नाडी उधळते, हृदय साथ सोडू शकते. आधी थायरॉईडची रक्ततपासणी, लागल्यास औषधे, हाताशी रक्ताची सोय आणि मगच पिशवी रिकामी करणे, हाच क्रम हवा. त्यानंतर थायरॉईड बहुधा काही आठवड्यांत आपोआप ताळ्यावर येते.

आणि ठपका? पूर्ण द्राक्षगर्भात जनुकांचा वारसा सगळा पित्याकडून आलेला असतो, हे जपानमधील संशोधकांनी 1977 मध्येच दाखवले. यात नवऱ्याचाही अपराध नाही. फलनाच्या वेळचा तो अपघात. तरी ‘हिच्या पोटी काय निपजले’ हे ऐकायचे तिनेच, आणि उपासतापासही तिच्याच माथी. मला याचा संताप येतो.

पिशवी रिकामी झाली की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण एचसीजी पूर्ण उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासावे लागते आणि डॉक्टर सांगेपर्यंत दिवस राहू द्यायचे नसतात. काहींच्या शरीरात उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, क्वचित कर्करोगाचे रूप घेतात. पण मेथोट्रेक्सेटने हा कर्करोग बरा होतो, हे अमेरिकेत ली आणि हर्ट्झ यांनी 1956 मध्येच दाखवून दिले आहे. नांदेडच्या या खेपांना तिच्यासोबत नवऱ्याने जावे, आणि पाळणा लांबवण्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी.