शंभर टीव्ही, पण साधा एकही नाही

मंडळी, आमचा अमेरिकेतला भाचा परवा फोनवर म्हणाला, "मावशी, तुमच्या वेळी चॉइस होता का गं? आता दुकानात जा, शंभर टीव्ही मांडलेले असतात!" हे वाक्य मला अजिबात पटलेले नाही. फोनवर त्याने बोलू दिले नाही, म्हणून इथे लिहिते. (तो वाचणार आणि रागावणार. रागावू दे.)

आमच्या वेळचे आधी सांगते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागले. क्राऊन, टेलिव्हिस्टा, वेस्टन, डायनोरा, ईसी अशी नावे होती. लाकडी पेटी, काहींना सरकते शटर, त्याला कुलूपसुद्धा! १९८२ साली रंग आले. त्या काळी रंगीत संच म्हणजे शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार. अँटेना फिरवायला गच्चीवर चढणे, पडद्यावरच्या मुंग्या, हे सगळे भोगले आहे, त्याचे गोडवे मी गाणार नाही. आजचा संच स्वस्त आहे, भिंतीवर टांगता येतो आणि चित्र तर सुरेखच. कबूल.

पण निवड? कशातून कशाची?

दुकानातला मुलगा एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी असे मंत्र म्हणतो. मी शाळेत मराठी शिकवली, विज्ञान नव्हे, तरी वाचून एवढे कळले की यातले पहिले दोन मुळात एकच. एलसीडीचा पडदा आणि त्यामागे एलईडीचे दिवे. क्यूएलईडीत रंग उठावदार करणारा एक थर जास्त, बस्स. स्वतः प्रकाश देणारा पडदा फक्त ओएलईडीचा. मग "फोर के". म्हणजे आडवे ३८४० ठिपके. आमच्या केबलवरच्या साध्या वाहिनीच्या चित्रात ते जेमतेम ७२० असतात! पुरणपोळीच्या ताटात चहाबरोबरची खारी वाढल्यासारखे झाले.

आणि जे हवे ते मागून बघा. मला इंटरनेट नसलेला, बटण दाबले की वाहिनी लागणारा मोठा टीव्ही हवा. ३२ इंची साधा संच कोपऱ्यात एखादा असतो. त्याहून मोठा मागितला की विक्रेता माझ्याकडे केविलवाणे बघतो. आता ज्यांना मोठा पडदा लागतो त्यात मोतीबिंदूची माणसे आहेत, आणि त्यांनाच तो 'स्मार्ट' संच चालवता येत नाही. आहे की नाही गंमत?

याच भाच्याने आपल्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ४३ इंची संच घेऊन दिला. ताई चौऱ्याऐंशीची, सांगलीला एकटी राहते. तिला संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या हव्यात, एवढेच. टीव्ही लावला की आधी सिनेमांच्या जाहिराती. रिमोट दोन, एक संचाचा, एक डब्याचा. चुकून एक बटण दाबले की 'नो सिग्नल'. डबा एचडीएमआय एकवर असतो आणि टीव्ही दोनवर गेलेला असतो, हे तिला कसे कळावे? गेल्या पावसाळ्यात दोन दिवस ती निळ्या पडद्यासमोर बसून होती. शेजारच्या मुलाला किती वेळा बोलवायचे, म्हणून गप्प राहिली. एकट्या माणसाच्या घरात टीव्ही बंद म्हणजे बोलणारे माणूस गेले, हे त्या कंपनीच्या इंजिनिअरांना कोण सांगणार!

भाचा म्हणतो, इंटरनेट जोडू नका म्हणजे झाले. अरे, मग त्याचे पैसे का घेतलेस? शिवाय जोडले की संच आपल्यालाच बघतो. भाच्याच्या अमेरिकेतली गोष्ट. व्हिझिओ कंपनीचे १ कोटी १० लाख संच लोक काय बघतात याची क्षणाक्षणाची नोंद न विचारता घेत होते. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिने प्रकरण मिटवले. भाग करा, एका संचामागे वीस सेंट! एवढा स्वस्त दंड तर आम्ही गृहपाठ न करणाऱ्यालासुद्धा दिला नाही.

दुरुस्तीचे तर नावच नको. पूर्वी पेटीचे मागचे झाकण काढून मेकॅनिक घरातच डाग द्यायचा. आता पॅनेल गेले की पहिले उत्तर, "आजी, नवीनच घ्या." मग मी काय निवडले?

असो. ताईच्या रिमोटवर मी नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके दिले आहेत आणि बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी लावली आहे. सध्या बातम्या लागतात. तुमच्या गावात ४० इंचांच्या वरचा साधा संच मिळत असेल तर दुकानाचे नाव जरूर कळवा. भाच्याकडून पैसे मी वसूल करीन.