चौदा दिवसांचा सेन्सर, सोळा दिवसांची मजुरी : शुगरचं नवं तंत्रज्ञान गावाला कितपत कामाचं?

रात्री बाराला थ्री फेजची लाईट येते. शेतकरी जेवण करून, इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघतो. दोन-तीन तास दारं मोडत चिखलात चालणं होतं. पहाटेच्या सुमारास हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यासमोर अंधारी येते. बांधावर सोबत कोणी नसतं. कोणी भेटलंच तर त्याला वाटतं, गड्यानं घेतलेली दिसतेय. खरं तर रक्तातली साखर 70 च्या खाली गेलेली असते, आणि अशा वेळी माणूस जागेवर बेशुद्ध पडू शकतो.

शुगर वाढली की काय होतं हे आता गावात बऱ्याच जणांना माहीत आहे. शुगर एकदम उतरली की काय होतं, याची चर्चा मात्र होत नाही. दंडाला चिकटवायचे सेन्सर आणि कमरेला लावायचे पंप यांच्या जाहिराती मोबाईलवर यायला लागल्यात. म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडायला पाहिजे.

आजार आता शहराचा राहिला नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा अहवाल 2023 मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तीस वर्षांवरच्या माणसांची तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात. म्हणजे आजार सापडायची सोय आहे. अडचण पुढे सुरू होते. सापडल्यानंतर रोज साखर मोजायची कशी, आणि खर्च कोणी करायचा?

सेन्सर नेमकं काय करतो?

घरचं ग्लुकोमीटर बोट टोचल्यावर त्या क्षणाची साखर सांगतं. तीन महिन्यांची एचबीए1सी तपासणी सरासरी सांगते. पण सरासरी फसवी असते. दिवसा 250 आणि रात्री 60 असली तरी सरासरी बरी दिसू शकते.

सेन्सर साधारण रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा असतो. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि दर काही मिनिटांनी साखरेचा अंदाज घेते. बाजारात जास्त चालणारा सेन्सर 14 दिवस टिकतो. भाकरी खाल्ल्यावर किती वाढली, रात्री किती उतरली, याचा आलेखच मोबाईलवर दिसतो. बांधावर पडणाऱ्या माणसाची शुगर कधी उतरते, हे डॉक्टरला पहिल्यांदा कळतं ते इथे.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सेन्सर थेट रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो. त्यामुळे आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असू शकतो. अंगाला घाम सुटलाय आणि मोबाईल मात्र ठीक म्हणतोय, तर बोट टोचून बघा. दुसरं, काही सेन्सर वाचायला मोबाईलमध्ये एनएफसी लागतं आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतं. आधी फोन तपासा, मग पैसे भरा.

खिशाचा हिशोब

एक सेन्सर साडेचार-पाच हजारांच्या घरात जातो. 2025-26 साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. म्हणजे 14 दिवस चालणाऱ्या वस्तूसाठी पंधरा-सोळा दिवस राबायचं. महिन्याला दोन लावायचे तर नऊ-दहा हजार. हे गावात कोणाला झेपणार?

पट्टीचा खर्च धरू. एक पट्टी वीस रुपयांची, दिवसाला चार वेळा तपासलं तर महिन्याला 2,400 रुपये. 22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

पंप तर लाखांच्या भाषेत बोलतो. तो नळीतून थोडं थोडं इन्सुलिन दिवसभर देतो. नव्या पंपाला सेन्सर जोडला की तो आकडा बघून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करतो. इंग्लंडमध्ये टाइप 1 च्या पात्र रुग्णांना अशी यंत्रणा सरकारी आरोग्यसेवेतून द्यायला 2024 मध्ये सुरुवात झाली. आपल्याकडे खर्च घरच्यानेच करायचा. शिवाय पंपातलं इन्सुलिन लवकर उतरणारं असतं. नळी मुडपली आणि लक्षात आलं नाही, तर काही तासांत रुग्ण गंभीर होतो. दवाखाना चाळीस किलोमीटरवर असेल तर हाही विचार करावा लागतो.

मग गावानं काय करावं?

टाइप 2 च्या प्रत्येकाला सेन्सरची गरज नाही. गोळ्यांवर ठीक असणाऱ्याचं काम ग्लुकोमीटरवर भागतं. इन्सुलिन चालू आहे आणि शुगर सारखी वर-खाली होते, अशांनी डॉक्टरांना विचारून वर्षातून एक-दोनदा सेन्सर लावला तरी डोस बसवायला मदत होते. आलेख मात्र डॉक्टरांना दाखवा. मनानं डोस बदलू नका.

महागड्या यंत्राआधी बिनखर्चाच्या गोष्टी नीट करा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक 40 युनिटचं असतं, त्याला लाल टोपीची सिरिंज लागते. केशरी टोपीची सिरिंज 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. 100 युनिटचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीच पट जातो. अशी चूक जीवावर बेतते.

इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल किंवा ऊसतोडीला कोपीवर राहायचं असेल, तर एका मडक्यात दुसरं मडकं, मधे ओली वाळू आणि आत झाकणाच्या डबीत बाटली ठेवा. चालू बाटली साधारण चार आठवड्यांत संपवा.

रात्री पाण्यावर जाताना खिशात साखर ठेवा. थरथर सुटली की तीन चमचे साखर खा, पंधरा मिनिटं बसा, पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

आणि न टोचता साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. अशा वस्तूंना मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्येच दिलाय.

खरा प्रश्न लेकरांचा

टाइप 1 च्या लेकरांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. खूप तहान, सारखी लघवी, झपाट्याने उतरलेलं वजन, उलट्या ही लक्षणं दिसली की आधी शुगर तपासा. अंगारे-धुपारे नंतर बघू. जडीबुटीच्या नादात इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत लेकरू जातं.

राज्याची जनआरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येते. घरी रोज लागणाऱ्या पट्ट्या त्यात बसत नाहीत. म्हणजे लेकरू बेशुद्ध होऊन आलं तर सरकार खर्च करतं, बेशुद्ध होऊ नये म्हणून लागणारी वीस रुपयांची पट्टी मात्र बापाच्या खिशातून. हा उलटा हिशोब आहे.

गावात अशी लेकरं असतात एक-दोन. त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून पट्ट्या आणि इन्सुलिन न चुकता मिळावं, असा ठराव ग्रामसभेत घेता येतो, रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवता येतो. सेन्सर आणि पंप स्वस्त होतील तेव्हा होतील. पट्टीची मागणी आजच करता येते, तिला तंत्रज्ञानाची वाट बघायची गरज नाही.