बॉयकॉट कुणी कुणावर घालायचा?

दर थोड्या दिवसांनी मोबाइलवर फर्मान येतं : अमक्याला बॉयकॉट करा. कधी सिनेमा, कधी साबण, कधी कोपऱ्यावरचा भाजीवाला. पहिले दोन मी समजू शकतो. भाजीवाल्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण या क्रियापदाचा जन्म नेमका उलट्या कामासाठी झाला.

आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी होता. १८७९चं पीक बुडालं होतं. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालकाने १० टक्के देऊ केली. कुळं अडून बसली, तेव्हा बॉयकॉटने त्यांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. मग गावाने त्याच्याशी व्यवहारच तोडला. शेतातले गडी निघून गेले, दुकानदार माल देईनात, लोहाराने आणि धोबिणीने काम बंद केलं. त्याचं पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक-पोलीस. सुमारे ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० पौंड खर्च झाल्याचा अंदाज होता. डिसेंबर १८८०मध्ये तो आयर्लंड सोडून गेला. मागे उरलं त्याचं आडनाव, क्रियापद होऊन!

आपण त्याला 'बहिष्कार' म्हणालो आणि घोटाळा तिथेच झाला. बहिष्कार आपल्याकडे आधीपासून होता, पण त्याची दिशा उलटी होती. तिथे कुळांनी कारभाऱ्याला एकटं पाडलं. इथे गाव किंवा जात एका घराला वाळीत टाकत आली. पाणवठा बंद, किराणा बंद, मयताला खांदाही नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. त्या नावांतला 'बहिष्कृत' कोण, हे सांगायला नको. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कुणी म्हणेल, पैसा माझा, कुणाकडे खर्च करायचा ते मी ठरवीन. जरूर ठरवा. पण शेकडो लोकांना मेसेज पाठवून एका माणसाची चूल विझवणं ही तुमची वैयक्तिक आवडनिवड उरत नाही.

आयरिश लोकही काही संत नव्हते. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला जुन्या काळच्या कुष्ठरोग्यासारखं दूर ठेवा, असं त्यांचा नेता पार्नेल एनिसच्या सभेत सांगत होता. म्हणजे विष या हत्यारात पहिल्यापासून आहे. तरीही एक फरक राहतोच : त्या माणसाने काहीतरी केलं होतं. जमीन सोडली की त्याची सुटका होती. बॉयकॉटला मागणी असते आणि मागणी मान्य झाली की तो संपतो. भाजीवाल्याने काय सोडायचं? नाव? जन्म?

म्हणून पुढचा मेसेज आला की दोन प्रश्न विचारा. मागणी काय आहे? आणि दोघांत ताकदवान कोण आहे? उत्तर सापडलं नाही, तर 'बॉयकॉट करा' खोडून तिथे 'वाळीत टाका' असं लिहा. मग फॉरवर्डचं बटण दाबायला बोट धजतं का ते बघा.