पेनिसिलीन : प्रश्न बुरशीच्या वाणाचा
पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशात पेनिसिलीनचे उत्पादन सुरू केले. पुढे स्वस्त चिनी मालापुढे पेनिसिलीन-जीची देशी निर्मिती बंद पडली. केंद्राच्या २०२० च्या प्रोत्साहन योजनेनंतर २०२४ मध्ये काकीनाडा येथे ती पुन्हा सुरू झाली. मात्र, खरी स्पर्धा कारखान्यांची नसून बुरशीच्या वाणांची आहे. पेनिसिलीन घडविणाऱ्या जनुकांच्या अनेक प्रती असलेले वाण मूळ बुरशीच्या कित्येक पट औषध देते. त्यात जिवाणूचे एक जनुक घातल्यास सेफॅलेक्सिनसाठीचा कच्चा मालही मिळतो. पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर येथे औद्योगिक वसाहत आहे. परिसरात ऊसही मुबलक आहे. बुरशी वाढविण्यासाठी साखर लागतेच. परंतु सुधारित वाण परकीयांकडूनच घ्यावे लागले, तर स्वावलंबन कागदावरच राहील.