शिवी कुणाची, गल्ला कुणाचा?

‘अमेरिकेतले काळे लोक ‘एन’ने सुरू होणारी ती शिवी एकमेकांना खुशाल देतात, रॅपमध्ये घालून विकतात, मग गोऱ्या पोराने तेच गाणं म्हटलं तर गहजब का? नियम सर्वांना सारखा हवा!’ असा एका विद्वानांचा सवाल आहे. समतेचा एवढा कळवळा शिवी देता येत नाही म्हणून यावा, ही मौजच.

त्या ‘विकतात’चा समाचार आधी घेऊ. काळ्यांची हेटाळणी बाजारात मांडली ती रॅपवाल्यांनी नव्हे. तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या खेळांतलं नाव उचलून १८८९मध्ये ‘आंट जमायमा’ हे पॅनकेकचं पीठ निघालं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात जन्माने गुलाम असलेल्या नॅन्सी ग्रीन यांना जमायमा करून तव्यापाशी उभं केलं. पॅनकेक भाजता भाजता त्यांनी सांगायचं काय, तर जुन्या मळ्यावरच्या सुखाच्या गोष्टी! हे नाव जायला २०२१ उजाडलं. तिकडे आशियात ‘डार्की’ टूथपेस्ट खपत होती. वेष्टनावर उंच टोपीतला, दात विचकणारा काळा चेहरा. १९८९मध्ये ओरड झाल्यावर ‘डार्ली’ केलं. एक अक्षर बदललं, पाप धुतलं! चिनी नावातला ‘काळा माणूस’ मात्र पुढे तीस वर्षं हलला नाही. गल्ला दुसऱ्यांच्या पेटीत पडत होता, तेव्हा सारख्या नियमाची आठवण कुणाला झाली नाही.

‘त्यांच्यातच एकमत नाही’ म्हणे. नाहीच! विनोदवीर रिचर्ड प्रायर यांनी त्या शब्दावर रंगमंच गाजवला आणि केनियाहून परतल्यावर तो टाकला. २००७मध्ये डेट्रॉइटला त्या शब्दाची चक्क अंत्ययात्रा निघाली. पण हा त्यांच्या घरातला वाद. पंच म्हणून तुम्हाला बोलावलं कुणी?

ही खोड आपल्याकडेही जुनी. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिच्या कवींच्या कवितेतल्या शिव्यांनी ज्यांचे कान विटाळले, त्यांना गावकुसाबाहेर रोज पडणाऱ्या शिव्या कधी ऐकू आल्या नव्हत्या.

माझं म्हणणं थोडकंच. ज्याच्या पाठीवर वळ, शब्द ठेवायचा की गाडायचा हे त्याने ठरवावं. ‘ब्लॅक’ हासुद्धा एके काळी अपमानच होता. १९६८मध्ये गायक जेम्स ब्राउन यांनी तो गाण्यातून छाती फुगवून म्हणायला लावला. त्यासाठी कुणाची परवानगी काढली नव्हती. सारख्या नियमाची घाईच असेल, तर पगार, घरभाडं आणि पोलिसांची वागणूक इथून सुरुवात करा. शिवीचा नंबर शेवटी लावू.